रॅक मोडतो तो वजनानं नाही, हिसक्यानं

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि प्रवास

गेल्या अंकात मी मॅकिनॅक बेटाबद्दल लिहिलं होतं. ह्युरॉन सरोवरातलं एवढंसं बेट, १८९८ पासून तिथे मोटारींना बंदी, आणि काठाकाठानं आठेक मैलांचा रस्ता, ज्यावर फक्त सायकली, घोडागाड्या आणि पायी फिरणारी माणसं. त्यावर पत्रं भरपूर आली. बेटाबद्दल थोडी आणि ‘ताई, सायकली तिथपर्यंत न्यायच्या कशा?’ या एकाच प्रश्नावर बाकी सगळी. म्हणून या वेळची सगळी जागा गाडीच्या मागे हिचला लावायच्या सायकल रॅकला देते. हिच म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे, खालच्या बाजूला बसवलेला लोखंडी चौकोनी सॉकेट.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी मूळची सांगलीची. डेट्रॉइटच्या आसपास सत्तावीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या लॅबमध्ये होते. भाग यंत्रावर चढवायचा, तो मोडेपर्यंत हलवायचा, आणि तो नेमका कुठून मोडला हे भिंगाखाली बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ‘टिकाऊ’ कशाला म्हणायचं याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

नोव्ही, मिशिगनहून एक वाचक लिहितात :
‘ताई, आमची सात सीटची एसयूव्ही आहे, दोन इंची हिच गाडीबरोबरच आली. आम्ही दोघं आणि मुलं दोन, वय सात आणि दहा. दुकानात अडीचशे डॉलरचा चार सायकली लटकवायचा रॅक बघितला आणि नऊशेचा ट्रेचा. दोन्ही लोखंडी. हे म्हणतात, लोखंड ते लोखंड, साडेसहाशे डॉलर जास्त कशाला घालायचे? दहा वर्षं चालेल असा कोणता घ्यावा?’

ट्रेचाच घ्या, म्हणजे ज्यावर सायकल चाकांवर उभी राहते तो, पण चार सायकलींचा नको. दोनच सायकलींचा घ्या, ज्याला पुढेमागे आणखी एखादा ट्रे जोडता येतो. तुमच्या दोघांच्या सायकली मागे लावा. मुलांच्या छोट्या सायकली मागची सीट पाडली की गाडीत आडव्या बसतात. मुलं मोठी होतील तेव्हा ट्रे वाढवा.

आता कारण. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आमच्याकडच्या बायका अर्धा मैल सहज चालत यायच्या. तीच कळशी हात लांब करून धरली तर दहा पावलंही जाता येणार नाही. कळशीचं वजन तेवढंच राहतं, पण ती अंगापासून लांब गेलेली असते. रॅकचंही असंच असतं. चार सायकलींच्या रॅकवर शेवटची सायकल, रॅकला हिचमध्ये धरून ठेवणाऱ्या पिनेपासून जवळजवळ चार फूट मागे असते. रॅक स्वतः सत्तर-पंच्याहत्तर पाउंडांचा, वर पस्तीस पाउंडांच्या चार सायकली धरल्या तर सगळं मिळून २१५ पाउंडांच्या घरात. तुमची दोन इंची हिच कागदावर याहून कितीतरी जास्त भार घेते. पण तो आकडा ट्रेलर जोडायच्या गोळ्यासाठी असतो, आणि गोळा पिनेजवळच असतो, चार फुटांवर नाही.

शिवाय हे वजन स्थिर नसतं. एप्रिलमधले मिशिगनचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. गाडीचं मागचं चाक खड्ड्यात आपटलं की क्षणभर रॅकवरचा भार दुपटी-तिपटीनं वाढतो आणि लगेच उतरतो. डेट्रॉइटहून, बेटाच्या बोटी सुटतात त्या मॅकिनॉ सिटीपर्यंतच्या पावणेतीनशे-तीनशे मैलांत हे असं किती हजार वेळा होत असेल, विचार करा. एखादी तार हातानं वाकवून तोडायची असेल तर आपण एकदाच जोर लावत नाही, तिला मागे-पुढे, मागे-पुढे करतो. रॅकसुद्धा असाच मोडतो. त्यातही वेल्डिंगचे जोड फार नाजूक. वेल्ड केलेल्या जोडावरचा चढउताराचा ताण दुप्पट झाला, तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, साधारण एक-अष्टमांशावर येतं. लॅबमध्ये हे मी इतक्यांदा बघितलं आहे की आता रस्त्यावर कुणाच्या गाडीमागे डुलणारा रॅक दिसला, की मी लेन बदलते.

म्हणून दुकानात गेल्यावर आधी लोखंडाची जाडी बघू नका. रॅक हिचमध्ये बसवून दाखवा म्हणून सांगा. मग त्याचं लांबचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, डावीकडे-उजवीकडे गदगदा हलवा. रॅकबरोबर अख्खी गाडी स्प्रिंगवर हलली, तर रॅक चांगला बसतो. गाडी जागच्या जागी आणि रॅकच सॉकेटमध्ये खटखट वाजतोय, तर तो परत ठेवायला सांगा. तो खटखट म्हणजे प्ले. हिचचा चौकोन आणि रॅकची दांडी यांच्यात थोडी फट असतेच, नाहीतर दांडी आत जाणारच नाही. चांगल्या रॅकमध्ये ती फट भरून काढायची सोय असते. कुठे आटे पाडलेली पिन दांडीला एका बाजूला ओढून घट्ट धरते, कुठे दांडीच्या टोकातली पाचर किंवा गोळा नॉब फिरवला की फुगून आतून दाबून बसतो. अडीचशेवाल्या रॅकला बहुधा नुसती सरळ पिन आणि टाचणीसारखी क्लिप मिळेल. तुमचे साडेसहाशे डॉलर बऱ्याच अंशी याच कामासाठी आहेत, असं यजमानांना सांगा.

आणि लटकवायच्या रॅकबद्दल. त्यावर सायकल फ्रेमनं टांगलेली असते, खाली चाकं मोकळी. वळणावर सायकली एकमेकींवर आपटतात, पेडल शेजारणीच्या स्पोकमध्ये शिरतं. ट्रेवर चाकं पन्हळीत बसतात आणि पुढच्या चाकावर एक हात दाबून बसतो, फ्रेमला कुणी हात लावत नाही. पुढेमागे तुमच्यापैकी कुणी कार्बनची सायकल घेतली, तर ती अशीच न्यायला हवी.

माझा पहिला रॅक तुमच्या अडीचशेवाल्यासारखाच होता. २००९चा ऑगस्ट. मुलं लहान, चार सायकली टांगलेल्या, आय-७५नं उत्तरेला निघालो होतो. ग्रेलिंगच्या अलीकडे रेस्ट एरियात थांबलो. मुलं आत गेली तशी सवयीनं मी रॅकभोवती एक चक्कर मारली. उभा खांब जिथे खालच्या दांडीला वेल्ड केलेला होता, तिथे काळ्या रंगावर केसाएवढी एक तांबूस रेघ. पुसली, तर बोटाला गंज लागला. पण नवा रॅक, अजून एक हिवाळाही न बघितलेला, मग गंज आतून आला कुठून? चावी घेऊन रेघेजवळ हलकेच ठोकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. पाट्यांची स्प्रिंग उतरवली की एकेक पाटा टांगून ते हातोडीनं ठोकायचे आणि मला म्हणायचे, ऐक. धड पाटा ठण्ण करून वाजायचा आणि नाद बराच वेळ रेंगाळायचा. भेग असलेला पाटा बद्द. मडकं वाजवून घेतो तसंच. रॅकच्या त्या कोपऱ्यात मला बाबांचा ‘बद्द’ ऐकू आला. यजमानांनी टॉर्च धरला, मी सायकली वर उचलून भार काढला, तशी ती रेघ मिटली. भार सोडला, पुन्हा उघडली. जोड जवळजवळ एक-तृतीयांश फाटलेला होता. आणखी पन्नास मैलांत काय झालं असतं, आणि आमच्या मागच्या गाडीचं काय झालं असतं, हे मी आजही मनात आणत नाही.

मुलांच्या सायकली चाकं काढून गाडीत घातल्या. आमच्या दोन ग्रेलिंगमधल्या एका सायकल दुकानदारानं चार दिवस ठेवून घेतल्या, एक पैसा घेतला नाही. रॅक तिथेच भंगारात दिला. बेटावर आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. रॅकच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, तसे रॅक बरेच जण बनवतात.

तेव्हापासूनची माझी सवय तुम्हीही लावून घ्या. प्रवासाआधी रॅकचे जोड ओल्या फडक्यानं पुसायचे आणि मोबाइलच्या उजेडात बघायचे. रंगावर तांबूस रेघ, रंगाचा पोपडा, किंवा वाकवायच्या बिजागरीभोवती काळी भुकटी दिसली तर थांबायचं. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मैलांनंतर एकदा थांबून हिचचा नॉब आणि चाकांचे पट्टे पुन्हा आवळायचे. नव्या रॅकचे बोल्ट पहिल्या महिन्यात एकदा टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, तपासून घ्या. आकडे त्याच्या पुस्तिकेत असतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही : सुटे भाग. रॅकची जी गोष्ट आधी जाते ती म्हणजे मागच्या चाकाचा प्लॅस्टिकचा दातेरी पट्टा. उन्हानं तो कडक होतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षी कटकन तुटतो. पाच-दहा डॉलरचा भाग. तो सुटा मिळत असेल तर रॅक दहा वर्षं चालतो. मिळत नसेल तर धडधाकट लोखंड कचऱ्यात जातं. म्हणून विकत घ्यायच्या आधी कंपनीला फोन करून विचारा, पट्टा, नॉब, कुलपाची किल्ली, बिजागरीचा बोल्ट सुटा मिळतो का. थुली, यकिमा, कुआट यांचे सुटे भाग मिळतात. विस्कॉन्सिनमध्ये बनणारा वनअप अल्युमिनियमचा आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि त्याला ट्रेही वाढवता येतात. तुमच्या घराला मला तो बरा वाटतो. ‘लाइफटाइम वॉरंटी’ या शब्दांवर मात्र फार विसंबू नका. ती बहुतेक वेळा पहिल्या ग्राहकापुरती असते आणि झिजणारे भाग तिच्यात धरलेले नसतात.

एडिसन, न्यू जर्सीहून :
‘माझी सेडान आहे. तिला सव्वा इंची हिच बसवून घेतली. मित्र त्याचा दोन इंची रॅक फुकट देतोय. सव्वाचा दोन करणारा अडॅप्टर तीस डॉलरला मिळतो. चालेल ना?’

नाही चालणार. मित्राचे आभार माना आणि रॅक घेऊ नका.

अडॅप्टर लावल्यानं सव्वा इंची हिच दोन इंची होत नाही. तिची ताकद तेवढीच राहते. सेडानला बसवतात ती हिच बहुतेक क्लास वन, म्हणजे सगळ्यांत हलक्या वर्गातली असते, तिच्यावर उभा भार २०० पाउंडांपर्यंतच चालतो. नेमका आकडा हिचवरच्या स्टिकरवर असतो, गाडीखाली वाकून वाचा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तो कमी आकडा खरा धरायचा. त्यात अडॅप्टर रॅकला आणखी काही इंच मागे ढकलतो, म्हणजे कळशी आणखी लांब. आणि जिथे प्ले यायची एक जागा होती तिथे दोन झाल्या. मागची डिकी उघडावी म्हणून लोक लांबीचा तुकडा घालतात, त्याचंही तेच. हिच बनवणारे स्वतःच सांगतात, की लांबीचा तुकडा लावला तर क्षमता निम्मी धरा.

मूळ सव्वा इंची दांडीचाच, हलका, दोन सायकलींचा रॅक शोधा. कुआटचा शेर्पा साधारण ३२ पाउंडांचा आहे आणि एका सायकलीला ४० पाउंडांची मर्यादा आहे. साध्या सायकलींना तेवढं पुष्कळ. उद्या इलेक्ट्रिक सायकल घ्यायचा विचार असेल, तर मात्र ही गाडी आणि ही हिच त्या कामाची नाही, हे आत्ताच धरून चला.

प्लेनो, टेक्सासहून एक काका :
‘वय ६६, बायकोचं ६३. दोघांनी गेल्या वर्षी इलेक्ट्रिक सायकली घेतल्या, पाय वर न टाकता बसता येतं अशा, खालच्या दांडीच्या. एकेकीचं वजन ६८ पाउंड. आमच्या छोट्या एसयूव्हीला दोन इंची हिच आहे. मुलानं त्याचा लटकवायचा रॅक आणि एक आडवा बार पाठवला आहे. मला तो काही उचलून लावता येत नाही.’

काका, बरं झालं उचलता आला नाही ते. तो आडवा बार सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत लावतात, म्हणजे नसलेली वरची दांडी तयार होते. तो हलक्या सायकलींसाठी आहे. ६८ पाउंडांची सायकल त्याला टांगायची नाही. मुलानं प्रेमानं पाठवला आहे, त्याला रागावू नका, पण परत पाठवा.

तुम्हाला इलेक्ट्रिक सायकलींसाठीच बनवलेला ट्रेचा रॅक हवा. चांगल्या साध्या रॅकांवरही प्रत्येक सायकलीची मर्यादा बहुतेक ६० पाउंड असते. ८० पाउंडांपर्यंत चालणारेही मिळतात, हॉलिवूड रॅक्सचे आहेत, तसे आणखीही आहेत. घेताना तीन गोष्टी जरूर बघा. रॅकला चढणीची पट्टी, म्हणजे रॅम्प, लावता येतो का. तुमच्या सायकलीच्या टायरची रुंदी पन्हळीत बसते का, कारण अशा सायकलींचे टायर चार इंचांचेही असतात. आणि पुढच्या चाकावर दाबणारा हात मडगार्डवर तर टेकत नाही ना. मडगार्डवर टेकला तर शंभर मैलांत मडगार्ड जाईल आणि सायकलही सैल होईल.

रॅम्प आला की उचलायचं काहीच नाही. सायकल चढवताना तिला तिच्याच मोटरनं चालवत नेणारा ‘वॉक’ मोड असेल तर तो वापरा, काकूंना एका बाजूनं फक्त तोल धरायला सांगा. मग बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा. एकेक बॅटरी सात-आठ पाउंडांची असते, तेवढा भार मागून कमी होतो आणि पावसातही बरं. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीत मात्र बॅटरी दुपारभर सोडू नका. दोन्ही सायकलींची तोंडं विरुद्ध दिशांना ठेवा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

आता हिशेब. रॅक साठ-पासष्ट पाउंडांचा, बॅटऱ्या काढून दोन सायकली १२० च्या आसपास, म्हणजे सुमारे १८५. तुमची हिच दोन इंची आहे म्हणून निश्चिंत राहू नका, छोट्या एसयूव्हीची स्वतःची मर्यादा कधीकधी हिचपेक्षा कमी असते. पुस्तिकेत ‘टंग वेट’, म्हणजे हिचवर चालणारा उभा भार, या शब्दांपुढचा आकडा मुलाला फोनवर वाचून दाखवा आणि मगच रॅक मागवा. पत्रात शेवटी तुम्ही विचारलंय, की भाड्याच्या मोटरहोमला तोच रॅक लावता येईल का. नाही. मोटरहोमचा मागचा भाग चाकांपासून बराच लांब असतो, त्यामुळे तिथे हिसका फार मोठा बसतो. बहुतेक रॅकांना कंपन्या तिथे परवानगीच देत नाहीत. मोटरहोमसाठीचे रॅक वेगळे मिळतात.

फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाहून :
‘टाहोला जाऊन आलो तर एका सायकलीचा मागचा टायर एका बाजूनं वितळलेला. रॅक सदोष आहे का?’

रॅक ठीक आहे. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला होता. इतका वेळ गरम धूर लागला की रबर जातं. सायकली लावल्यावर इंजिन चालू करून टायरच्या जागी हात धरून बघा, चटका बसत असेल तर सायकलींची तोंडं उलटी करा किंवा ट्रे बाजूला सरकतो का ते बघा. तो टायर बदलाच, वरून बरा दिसला तरी आतलं कापड गेलेलं असतं. आणि पायानं लाथ मारल्यासारखं केलं की आपोआप उघडणारी डिकी असेल, तर रॅक लावलेला असताना ती सोय बंद ठेवा. दार थेट सायकलीच्या हँडलवर उघडतं. नंबर प्लेटच्या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, पण सायकली नसतील तेव्हा रॅक वर उभा करून प्लेट झाकत फिरू नका, तो काढूनच ठेवा.

ग्रँड रॅपिड्स, मिशिगनहून :
‘रॅक दोन वर्षं हिचमध्येच होता. आता गाडी विकायची आहे तर तो बाहेरच येईना. कुणी म्हणतं गॅसनं तापवा.’

तापवू नका! हिचच्या जवळपास वायरी असतात आणि पुष्कळ गाड्यांत पेट्रोलची टाकीही दूर नसते. एवढं ऐका आणि पुढचं वाचा.

पिन आधी काढा. मग दांडी आणि सॉकेटमधल्या फटीत चारी बाजूंनी गंज सोडवणारं तेल फवारा, पिनेच्या भोकातूनही. घाई करू नका, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फवारत राहा. तिसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा मध्ये धरून दांडीच्या बाजूंवर हातोड्यानं ठोका, उजवीकडून, डावीकडून, खालून. ओढायचं नंतर, आधी गंजाची पकड सुटली पाहिजे. लाल पाणी गळायला लागलं की ती सुटत आली समजा. मग एक जण रॅक हलवत असताना दुसऱ्यानं मागे ठोकायचं. एवढ्यानं नाही निघाला तर हिच बसवणाऱ्या गॅरेजमध्ये न्या.

हे होतं मिठामुळे. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झालेली, आणि असलंच मीठ हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर पडतं. मागच्या चाकांनी उडवलेलं मिठाचं पाणी सरळ हिचमध्ये जातं. दोन लोखंडं, मध्ये मीठ आणि ओल, मग ती एकजीव होणारच. अल्युमिनियमला तांबूस गंज येत नाही म्हणून लोक गाफील राहतात. पण अल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट आणि त्यावर मीठ आलं, की अल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली की ओळखा.

तुमचा पुढचा रॅक नोव्हेंबरमध्ये, पहिलं मीठ पडायच्या आत काढा. नळाच्या पाण्यानं धुवा, वाळवा, बोल्टांच्या आट्यांना ते गंजून धरू नयेत म्हणून अँटी-सीझ लेप लावा, दांडीला ग्रीसचा पातळ हात द्या आणि गॅरेजमध्ये भिंतीला टांगा. हिचच्या तोंडाला दोन-तीन डॉलरचं रबरी झाकण बसवा. रंगाचा टवका उडाला असेल तर आधी घासून त्यावर रंगाचं बोट फिरवा. रिकामा रॅक गाडीमागे लावून रोज ऑफिसला जाणारे खूप जण दिसतात. त्यांचा रॅक रोज चाळीस मैल उगाच हिसके खात असतो. भिंतीवरच्या रॅकला ना हिसका, ना मीठ. मी २०१० च्या वसंतात घेतलेला ट्रेचा रॅक असाच हिवाळाभर भिंतीवर असतो. तीन पट्टे आणि एक नॉब बदलला, बाकी सगळं मूळचं आहे.

पुण्याहून, कोथरूडच्या एक वाचक :
‘तुमचा लेख मावसबहिणीनं पाठवला. माझा भाऊ शिकागोत असतो, डिसेंबरमध्ये येतोय. दर रविवारी आम्ही तिघी मैत्रिणी मुळशीकडे सायकली घेऊन जातो. भावाकडून तुम्ही म्हणता तसा चांगला हिच रॅक मागवू का? माझी हॅचबॅक आहे.’

भावाकडून दुसरं काहीतरी मागवा. तुमच्या हॅचबॅकला मागे तो रॅक बसवायला चौकोनी रिसीव्हरच नाही. तो करून घ्यायचा म्हणजे कुणाकडून तरी गाडीच्या चासीला वेल्डिंग किंवा भोकं पाडून घ्यायची, आणि त्या जोडाची चाचणी कुणी केलेली नसणार. वर सगळं वाचलंत ना, तो जोडच तर खरा प्रश्न आहे. शिवाय सायकली मागे लावल्या की नंबर प्लेट झाकली जाते, ती आपल्याकडे झाकून चालत नाही. आणि रॅकचा खोका विमानात तेवीस किलोंच्या एका बॅगेची सगळी जागा खाईल.

छतावर नेणं हा दुसरा मार्ग, पण तुमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात असेल तर रविवारी दुपारी दमून येताना वरच्या सायकलींचा विसर पडतो. सायकल, छत आणि तुळई, तिन्हींचं नुकसान मी माझ्या बहिणीच्या सोसायटीत कर्वेनगरला बघितलं आहे. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचे रॅक पुण्यात मिळतात. एका हलक्या सायकलीला ठीक. दाराला वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर पट्टे त्यावर अडकवायचे नाहीत, तो तुटतो.

तिघींना खरं सोयीचं हे आहे : ज्यांची गाडी मोठी आहे त्यांनी ती काढायची, मागची सीट पाडायची, तिन्ही सायकलींची पुढची चाकं काढायची. क्विक रिलीज, म्हणजे खटका उघडून चाक सोडवायची सोय, असेल तर एकेका चाकाला अर्धं मिनिट लागतं. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर कुणी ब्रेक दाबला की पॅड मिटतात आणि चाक परत आत जात नाही. पहिली सायकल जुन्या गोधडीवर आडवी ठेवायची, चेनची बाजू वर. तिच्यावर दुसरी गोधडी, मग दुसरी सायकल उलट तोंडानं. तिसरीही तशीच. सुटी चाकं सीटच्या मागे उभी. तिघींपैकी दोघी पुढे बसतील आणि तिसरीला दुसऱ्या गाडीनं यावं लागेल, तेव्हा आळीपाळी करा. भावाकडून मागवायचंच असेल तर एक छोटा टॉर्क पाना मागवा, दर रविवारी उपयोगी पडेल.